हरकत नसल्यास संमत

२ जून

नकटे,

या नावाने हाक मारलेली तुला आता चालते की नाही, ठाऊक नाही. पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा नीट लिहिलाय, तेव्हा पोस्टमनपुढे तुझी अब्रू शाबूत आहे. आत मात्र मी तुला नकटीच म्हणणार.

फोनवर तू म्हणालीस, "भाऊ, संस्थेबद्दल मला फोनवर काही सांगू नकोस. मी विश्वस्त आहे, तू तिथे नोकरीला आहेस. बरं दिसत नाही ते." त्याच आठवड्यात अध्यक्षांचं परिपत्रक फळ्यावर लागलं की, कर्मचाऱ्यांनी विश्वस्तांशी परस्पर संपर्क साधू नये. इथे कर्मचारी असे कितीसे? स्वयंपाकीण, झाडूवाली, हिशेबनीस आणि देखरेखीला मी. त्यातल्या कुणाची बहीण विश्वस्त आहे, ते मांजरालाही माहीत आहे. म्हणजे कागद माझ्या एकट्यासाठीच छापला. फोनला तुझी मनाई, संपर्काला त्यांची. पत्राबद्दल मात्र कुणी काही बोललेलं नाही.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहून पुढे जायची रीत असते. ते वाक्य मी शेवटी लिहीन म्हणतो, तुझं उत्तर आल्यावर.

गेल्या महिन्यात तू घराची पाहणी केलीस. म्हणजे मी तुला छातीशी धरून सगळीकडे फिरवलं. टॅब दोन्ही हातांत, काच पुढे, एखादी तसबीर मिरवत न्यावी तसा. जिन्यात म्हणालीस, "भाऊ, हळू, मला गरगरतंय." मी हळू चढलो. न्हाणीघराच्या छताला ओल आहे ते दाखवलं, तर म्हणालीस, "पुढे चल, ते अहवालात आहे." इतकी वर्षं मी तुला या घरात असं फिरवतोय, आणि एवढ्या वर्षांत माझं तोंड तुला एकदाही दिसलेलं नाही. मी कायम तुझ्या पाठीमागे असतो ना. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात, सांगून ठेवतो. कधी प्रत्यक्ष आलीस तर दुसराच कुणी समजशील.

विणकामाच्या खोलीत आलो तेव्हाचं तुला आठवत असेल. आत्या खुर्ची विणत बसली होती. तू ओरडलीस, "आत्या, मी आलेय!" आत्याने हातातला वेत टाकला, उठली, हात पसरून सरळ चालत आली आणि तिची बोटं माझ्या मिशीला लागली.

"हा तर तू आहेस, मेल्या. ती कुठंय?"

मी तिचा हात धरून काचेवर ठेवला.

"गरम लागतेय," आत्या म्हणाली. "ताप आहे का गं तुला?"

पलीकडे आत्यासोबत विणणारी शिट्टीमावशी पोट धरून हसली. तूही हसलीस. आणि मग म्हणालीस, "भाऊ, आत्याचा हात कॅमेऱ्यावर येतोय, मला काही दिसत नाहीये."

त्यावर मी काही बोललो नाही, कारण पाहणीच्या वेळी मी बोलायचं नाही असा नियम आहे. इथे बोलतो.

आपलं हे अंधांचं घर शहराबाहेरच्या मोठ्या आश्रमात विलीन करायचं आणि ही इमारत कचेऱ्यांना भाड्याने द्यायची, असा प्रस्ताव पुढच्या महिन्यात तुमच्या सभेपुढे येतोय. तिथे दवाखाना आहे, बाग आहे, सगळं आहे, मान्य. पण तिथली एक पद्धत आहे. ज्यांना चालता येतं ते पुढच्या इमारतीत, ज्यांना येत नाही ते मागच्या वॉर्डात. मध्ये फाटक आहे, आणि भेटीची वेळ ठरलेली आहे. शिट्टीमावशीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. आपली आत्या मात्र आजही पाण्याने भरलेली बादली घेऊन जिना उतरते. म्हणजे आत्या पुढे, मावशी मागे. त्या दोघी एका खोलीत किती वर्षं आहेत ते मी तुला सांगायला नको. त्याच खोलीत तिसरी खाट तुझी होती.

बाकी कुणासाठी मी तुझ्याकडे काही मागत नाही. त्या दोघी एकत्र राहाव्यात, एवढंच. विलीनीकरण व्हायचं असेल तर होऊ दे, पण ही अट सभेत घाल. तुझ्या एका वाक्याचं काम आहे.

भाऊ

१९ जून

नकटे,

तुझा दोन ओळींचा निरोप फोनवर मिळाला. "भाऊ, मी सगळ्या बाजूंनी विचार करतेय. प्रक्रियेला थोडा वेळ दे." प्रक्रिया हा शब्द आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी दह्याच्या बाबतीत शिकवला होता. विरजण लावायचं आणि भांडं हलवायचं नाही. तू तेच करत असावीस.

मधल्या काळात आश्रमाची माणसं येऊन गेली. भली माणसं वाटली. एक हसऱ्या चेहऱ्याचे डॉक्टर होते, प्रत्येकाला हात देऊन "कसे आहात" विचारत होते. विणकाम बघताना ते बराच वेळ उभे राहिले.

तू बघितलेलं आहेस, तरी पुन्हा लिहितो, कारण कधीकधी वाटतं की टॅबच्या काचेतून पाहून पाहून तुझ्या डोळ्यांतलं जुनं सगळं पुसलं गेलंय. खुर्ची बाकावर आडवी ठेवलेली असते. एका बाजूला आत्या, पलीकडे मावशी. आत्या भिजवलेला वेत भोकातून सारते, मावशी पलीकडून ओढून घेते, घट्ट करते आणि पुढच्या भोकातून परत पाठवते. दोघींमध्ये कामाबद्दल एक शब्द होत नाही. ओढ सैल लागली की आत्याला कळतं मावशीची कंबर आज दुखतेय, आणि ती आपणहून हात मंद करते. बोलणं चालतं ते भलतंच.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, किती वर्षांचा सराव?"

"सराव कसला," आत्या म्हणाली. "हिला एकटं ठेवलं तर ही शिट्ट्या मारते. म्हणून मध्ये खुर्ची ठेवलीय."

"आणि हिला एकटं ठेवलं तर ही उपदेश करते," पलीकडून मावशी. "शिट्टी बरी."

डॉक्टर हसले. मग मोकळेपणाने म्हणाले, "तिकडे तुम्हाला काम करायची गरजच पडणार नाही. आराम करायचा."

पलीकडून वेत ओढला गेला तेवढाच आवाज. मग मावशीने विचारलं, "आणि बोलायचं कुणाशी?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. "भरपूर लोक आहेत हो तिकडे," म्हणाले.

तुला प्रश्न कळेल, म्हणून तुला लिहिलं. तू नऊ-दहा वर्षांची असताना आत्याने बाबांना निरोप धाडला होता, एक लेकरू माझ्याकडे शिकायला पाठव. मी बाबांच्या हाताशी लागत होतो, म्हणून तुला पाठवलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. गावच्या शाळेने मला जेवढं दिलं तेवढ्यावर माझं भागलं. पण त्या घरात तू वाढलीस, रात्री त्या दोघींच्या मध्ये झोपलीस, धडे मोठ्याने वाचून त्यांना पाठ करायला लावलेस. विश्वस्त मंडळावर तुला घेतलं तेव्हा अध्यक्षांनी भाषणात हेच सांगितलं की, या घराची लेक आता या घराचा कारभार बघणार. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. तू खुर्चीवर, उशीला टेकवलेल्या टॅबमध्ये होतीस. खुर्ची या दोघींनीच विणलेली.

सभेला येशील ना? तिकडे परदेशात तेव्हा पहाट असते हे मला माहीत आहे.

भाऊ

८ जुलै

सन्माननीय विश्वस्त महोदया यांस,

आपल्या सभेची व्यवस्था नेहमीप्रमाणे मी केली. टॅब खुर्चीवर ठेवला, खाली दोन उशा घातल्या, म्हणजे आपण टेबलाच्या पातळीला याल. आपला कॅमेरा बंद होता. काळ्या काचेवर एक गोल आणि त्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर. मी विचारलं, "आवाज येतोय का?" आपण म्हणालात, "येतोय." त्या सभेत आपण उच्चारलेला हा एकच शब्द आहे.

मी सदस्य नाही, म्हणून मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दार उकाड्यामुळे उघडंच होतं. विलीनीकरणाचा विषय आला. सचिवबाईंनी वाचून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "कुणाची हरकत असल्यास सांगावी. आपल्या दूरच्या सदस्यांनीही."

मी बाकाची कड धरून बसलो होतो. आत कुणीतरी चमच्याने साखर ढवळत होतं. पंख्याचा खडखडाट. मी मनात देवाचं नाव घेत होतो, आणि खरं सांगतो, त्या वेळी देवाकडे मागणं एवढंच होतं की तुला बोलायची बुद्धी दे.

"हरकत नसल्यास संमत," अध्यक्ष म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठाचा होता. त्यावर अर्धा तास चर्चा झाली.

आता तुला महोदया म्हणवत नाही. पुढचं तुला तू म्हणूनच ऐकावं लागेल.

सगळे चहाला पलीकडच्या खोलीत गेले. टॅबची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो चार्जिंगला लावायला मी उचलला. तुझा गोल अजून तसाच होता. मला वाटलं, तो तसाच ठेवून उठून गेली असशील. नेहमीच्या सवयीने काच पुढे करून छातीशी धरला आणि व्हरांड्यातून निघालो. चार्जिंगची जागा विणकामाच्या खोलीच्या पलीकडे आहे, तुला माहीत आहे. त्या खोलीच्या दारात पोचलो आणि माझ्या छातीतून तुझा आवाज आला.

तू जावईबापूंशी, तुझ्या नवऱ्याशी, बोलत होतीस.

"झालं एकदाचं. अगदी शांतपणे झालं. नाही रे, आत्याचं वाईट वाटतं मला, पण किती दिवसांचा प्रश्न आहे? दोन वर्षं, फार तर तीन. तेवढ्यासाठी अख्खी इमारत अडवून ठेवायची का?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. काच हाताने झाकावी हे सुचलं नाही. झाकून आवाज थांबत नाही हेही आता लिहिताना सुचतंय. आत दोघी समोरासमोर बसलेल्या. त्यांना काचेतला आणि खरा असा फरक करता येत नाही गं. ज्याचा आवाज आला तो माणूस खोलीत आला. त्यांच्या दृष्टीने तू दारात उभी राहून हे बोललीस.

मावशीचा हात थांबला. आत्याने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी नीट बघितलं. बाजारात घासाघीस करताना आवाज असतो ना, तशा आवाजात ती म्हणाली,

"नकटे, दोनच धर गं. तीन नको."

मग, "कोण... भाऊ?" असं विचारलंस. तुझा गोल विझला.

पहिल्या पत्रातलं ते वाक्य अजून बाकी आहे म्हणून लिहितो. इकडे सगळं क्षेम आहे.

कर्मचारी

२१ जुलै

नकटे,

तुझे फोन मी उचलले नाहीत. आधी तू उचलत नव्हतीस, मग मी. लहानपणी सुट्टीत आपण असे अबोला धरायचो तेव्हा आत्या दोघांचे कान एकत्र पिळायची. आता तिचे हात एवढे लांब पोचत नाहीत.

तू आत्यासाठी रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप मी तिला ऐकवला. काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून घडलं तसं सांगतो. तो मी आधी एकट्याने ऐकला, आणि पुसून टाकावा असं वाटलं. तू रडत होतीस. "माझ्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता" हे तू तीनदा म्हणालीस. कसा अर्थ होता ते एकदाही नाही. तरी ऐकवला. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाली, "घसा बसलाय हिचा. थंडी असेल तिकडे."

"आत्या, ती रडतेय," मी म्हणालो.

"मला कळत नाही होय? पण रडतेय म्हटलं की मग तिला उगी करावं लागतं. ते इथून कसं करू?"

मावशी हल्ली शिट्टी वाजवत नाही. परवा म्हणाली, "माझ्या या खुब्यापायीच झालं हे. मी गेले की तुम्हा सगळ्यांचा प्रश्न सुटेल."

आत्या कडाडली. "कुठे जातेस गं? पलीकडून वेत कोण ओढणार? हा?" हा म्हणजे मी. "याला ओढायला लावलं तर खुर्चीचा पाळणा होईल."

हसलो तिघेही. मग मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

आता एक गोष्ट तुला सांगतो, जी मी इथे कुणाला सांगितलेली नाही. सचिवबाई बोलण्याच्या ओघात म्हणाल्या की बारा ऑगस्टच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं की मगच ठरावाची अंमलबजावणी. आणि त्या सभेला दोन सदस्य येणार नाहीत, एक आजारी आणि एक परगावी. तू धरून गणपूर्ती होते. तू नसशील तर सभाच होत नाही. त्यानंतर सणासुदीची सुट्टी, मग अध्यक्षांची मुदत संपते, आणि नवे अध्यक्ष या विलीनीकरणाच्या बाजूचे नाहीत असं म्हणतात.

आणि तुला खुर्चीवर बसवतो कोण? मी. चार्जर मी लावतो. वायफायचा खटका माझ्या हाताखाली आहे. "बाई, लाइन लागत नाही" एवढं म्हटलं की झालं. इथे कुणाला त्यातलं काही कळत नाही.

रोज सकाळी देवापुढे बसतो आणि हाच विचार येतो. बसणं त्यासाठी नसतं.

भाऊ

१३ ऑगस्ट

नकटे,

काल मी टॅब पूर्ण चार्ज केला. सकाळीच पुसून ठेवला. दोन उशा घातल्या. वायफाय दोनदा तपासलं. लाइन इतकी स्वच्छ कधी लागली नव्हती.

का, ते मला नीट सांगता येणार नाही. खटक्यावर बोट ठेवून मी काही वेळ उभा होतो. मनात आलं, तू गप्प बसलीस ते तुझं तुझ्यापाशी. पण मी तुला गप्प केलं, तर तो कारभार कुणाचा? मला खोटं जमत नाही असा माझा एक समज आहे, लहानपणापासूनचा. तो मी काल जपला.

तू कॅमेरा सुरू केलास. बऱ्याच वर्षांनी सभेत तुझा चेहरा दिसला. डोळ्यांखाली काळं झालंय. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होतीस, पण मी उशी सारखी करून बाहेर गेलो. ते मला करायला नको होतं.

इतिवृत्ताचा विषय येताच तू बोललीस. व्हरांड्यात मी उभाच राहिलो. "अध्यक्ष महोदय, मला माझी हरकत नोंदवायची आहे. त्या घरात दोन बायका आहेत, ज्या चाळीसएक वर्षं एकत्र राहिल्यात. त्यांची ताटातूट होणार नाही अशी अट घातल्याशिवाय मला हा ठराव मान्य नाही." शब्दन् शब्द स्पष्ट होता. विणकामाच्या खोलीपर्यंत गेला असेल.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नाहीत. अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना मी समजतो. पण ठराव मागच्या सभेत एकमताने संमत झाला. तुम्ही हजर होता. आज फक्त एवढंच विचारायचंय की त्या दिवशी जे घडलं ते इतिवृत्तात बरोबर लिहिलंय का. बरोबर लिहिलंय का?"

अध्यक्षांनी चष्मा परत घातला.

"मॅडम?"

"बरोबर लिहिलंय," तू म्हणालीस.

"मग कायम."

सचिवबाईंनी तुझी भावना नोंदवली का, असं तू विचारलंस. हो म्हणाल्या. चहा आला.

तू बोललीस. ते मी ऐकलं, आणि ऐकलं हे तुला कळावं म्हणून लिहितो. पण तू हजर राहिलीस म्हणूनच गणपूर्ती झाली, आणि हजर तुला मी केलं. आपण दोघांनी मिळून काल ते काम पुरं केलं. तू उशिरा खरं बोलून, मी वेळेवर खरं वागून. अध्यक्षांना तर फक्त चष्मा पुसावा लागला.

भाऊ

३० सप्टेंबर

नकटे,

तुझं हाताने लिहिलेलं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं. नव्या एकत्रित मंडळावर तुला जागा देऊ केलीय आणि ती नाकारून तू सगळ्यातूनच राजीनामा देतेयस, असं लिहिलंस. "मला आता त्या खुर्चीत बसवत नाही." वाचलं.

राजीनामा देऊ नकोस. का, ते नीट वाच, आणि वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक.

घर रिकामं करायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी आत्या नेहमीप्रमाणे बादली घेऊन जिना उतरली, उरलेला वेत भिजवला, दोघींनी शेवटची खुर्ची पुरी केली. संध्याकाळी तिने मला विचारलं, "उद्या ते कसं ठरवतात रे, कोण पुढे आणि कोण मागे?" मी म्हणालो, "परिचारिका येते, विचारते, बघते." "बरं," म्हणाली. त्यापलीकडे माझ्याशी एक अक्षर नाही. देवाशपथ, मला काहीही माहीत नव्हतं.

सकाळी परिचारिका आली, बरोबर एक मदतनीस बाई. मावशीचं झालं. मग आत्याच्या खाटेशी आली. आत्या बसून होती, मांडीवर पांघरूण.

"आजी, चालता येतं ना?"

"नाही गं बाई."

मी दारात पिशव्या घेऊन उभा होतो. परिचारिकेने माझ्याकडे वळून विचारलं, "केव्हापासून?"

आत्याचं तोंड माझ्या दिशेला नव्हतं. तिने मान थोडी कलती केली, कान माझ्याकडे. मावशी पलीकडे चाकाच्या खुर्चीत दगडासारखी बसलेली.

"बरेच दिवस झाले," मी म्हणालो.

"उभं करून बघू या," परिचारिका म्हणाली. दोघींनी काखेत हात घालून आत्याला उचललं आणि हळूच सोडलं. आत्याने पाय टेकलेच नाहीत. ती तशीच खाली कोसळली. पडताना माणूस नकळत हात पुढे करतो ना? तिने तोही केला नाही. खाटेच्या लोखंडाला कपाळ लागलं. रक्त आलं. परिचारिका घाबरली, "अगं बाई, अगं बाई," करत राहिली, आणि तिने कागदावर 'चालता येत नाही' असं लिहून टाकलं.

आता दोघी मागच्या वॉर्डात आहेत. खाटा शेजारी शेजारी. त्यासाठीही मला थोडं बोलावं लागलं, पण ते जमलं. एकदा सुरुवात झाली की जमतं. तिथे विणकाम नाही. हात रिकामे असतात म्हणून आत्या मावशीच्या पांघरुणाची दोरी ओढत बसते, आणि मावशी परत ओढते. शिट्टी एकदाच ऐकू आली, तीही हळू.

त्या दिवशी घरी येऊन देवापुढे बसलो. माफी मागायची म्हणूनच बसलो होतो. मागितली नाही. बसून उठलो.

मी आता एका शाळेत फाटकावर असतो. माझी काळजी करू नकोस.

तर राजीनाम्याचं. ते हसरे डॉक्टर तुला आठवतात, पत्रात लिहिलं होतं ज्यांच्याबद्दल? ते फार उत्साही आहेत. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना पुन्हा पायावर उभं करायचं त्यांनी मनावर घेतलंय. दर महिन्याला मागच्या वॉर्डातल्या माणसांचा अहवाल ते मंडळापुढे ठेवणार आहेत, कुणात सुधारणा होईल, कुणाला पुढच्या इमारतीत हलवता येईल. आत्याबद्दल त्यांना शंका आहे. मला म्हणाले, "स्नायू चांगले आहेत हो यांचे. आश्चर्य आहे." आज ना उद्या ते मंडळात विचारतील. त्या मंडळात आत्याला ओळखणारं दुसरं कुणी नाही. ती जिने चढताना, बादल्या उचलताना पाहिलेली तू एकटी. म्हणून तिथे तूच असायला हवीस.

डॉक्टर विचारतील, "या बाईंना कुणी पूर्वी पाहिलंय का?" तुझं मन चांगलं आहे, ते मला अजूनही मान्य आहे, आणि त्याचीच भीती वाटते. तुला वाटेल, सांगावं, उपचार होतील, ती पुन्हा चालेल. सांगू नकोस. कुणी आग्रह केला तर म्हण, मी लहान होते, आठवत नाही. बाकी वेळ कॅमेरा बंद, तुझा गोल तेवढा दिसू दे. मी तुझ्याकडे एकदा बोलणं मागितलं होतं. आता हे मागतोय, आणि हे दर महिन्याला करावं लागेल, ती आहे तोवर. दोन वर्षं म्हण, फार तर तीन.

परवा गेलो तेव्हा तिथली मुलगी आत्याचे पाय वाकवून व्यायाम देत होती. आत्याने पाय सैल सोडले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. कपाळावरचा व्रण अजून गेलेला नाही. मुलगी निघून गेली, मावशीला डुलकी लागली होती, आसपास कुणी नव्हतं. मी आत्याच्या कानाशी वाकून विचारलं, "आत्या, कुणी नसताना तरी खाटेभोवती दोन पावलं टाकतेस की नाही?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली, "हे मला कसं कळणार रे?"

भाऊ